जर्मन पूर्वजाचा शोध आणि देवळाची वही

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत इतिहासावर कांहीं लिहावें, असा मंडळाचा आग्रह पडला. विषय शोधण्यास आम्हांस दूर जावें लागलें नाहीं. देवळाच्या कचेरींत जे प्रश्न येतात, त्यांत एक प्रश्न पुनःपुन्हा येतो: "फादर, आमचा मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, त्याचें नांव वहींत सांपडेल काय?" कोणाचा पूर्वज शेजारच्या खेड्यांतला निघतो, कोणाचा नगर जिल्ह्यांतला. क्वचित् एकाद्या घरांत असेंहि सांगत आलेले असतात कीं, आमच्या आजीचा आजा जर्मन होता. पुणें धर्मप्रांताच्या इतिहासांत जर्मन माणसांचा भाग मोठा आहे. म्हणून या शेवटल्या प्रश्नाच्या निमित्तानें पूर्वजाचा शोध कसा करावा आणि तो कशासाठीं करावा, याचा चार शब्दांत विचार करूं.

बारामती व इंदापूर हे तालुके वंशावळींना अपरिचित नाहींत. इंदापुराशीं मालोजीराजे भोसले यांचें नांव जोडलेलें आहे. कऱ्हेच्या कांठीं बारामतीस कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) राहिले. त्यांचें व त्यांचे आश्रयदाते नाईक यांचें घराणें सर्वांस ठाऊक आहे. ज्यांस इनाम, वतन किंवा सरदारकी होती, त्यांच्या पिढ्या दप्तरांत राहिल्या. ज्यांस तीर्थास जाण्याची ऐपत व मुभा होती, त्यांचीं नांवें पंढरपूर, नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील उपाध्यायांच्या चोपड्यांत राहिलीं. इ. स. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं मुंबई इलाख्यांतील जमीनपाहणीची नवी पद्धत प्रथम इंदापूर तालुक्यांतच चालू केली. शेताशेताची मोजणी झाली व प्रत्येक शेतापुढें खातेदाराचें नांव लागलें. परंतु ज्यास शेत नव्हतें, त्याचें नांव कोठें लागणार? वेशीबाहेरच्या माणसाची पिढी सांगणाऱ्याच्या तोंडींच राहिली, आणि सांगणारा गेला कीं तीहि गेली.

परदेशाहून आलेला माणूस या बाबतींत गांवच्या भूमिहीनाच्याच पंक्तीस बसतो. त्याचें शेत येथें नसतें, भाऊबंद येथें नसतात, आणि त्याचें खरें नांवहि लोकांच्या जिभेवर टिकत नाहीं. याचें प्रसिद्ध उदाहरण वाल्टर रायनहार्ट याचें होय. हा जर्मनभाषी शिपाई अठराव्या शतकांत हिंदुस्थानांत आला आणि एकामागून एक अनेक दरबारांची चाकरी करीत शेवटीं उत्तरेंत सरधन्याचा जहागीरदार झाला. त्याच्या काळवंडलेल्या मुद्रेवरून त्यास 'सोंब्र' म्हणत; त्याचें आपल्या लोकांनीं 'समरू' केलें. १७७८ सालीं तो वारला. आग्र्याच्या जुन्या कॅथलिक दफनभूमींत त्याची समाधि आहे. त्याच्यामागें पलटणींचें नेतृत्व करणारी बेगम समरू हिनें १७८१ सालीं आग्र्यास बाप्तिस्मा घेतला, व पुढें सरधन्यास भव्य देऊळ बांधिलें. एवढी कीर्ति झाली. तरी रायनहार्टाचें जन्मगांव कोणतें, याचा एकमतानें निकाल लागलेला नाहीं. कोणी ट्रियर म्हणतात, कोणी स्ट्रासबुर्ग, कोणी साल्झबुर्ग. त्याचा पणतू डेव्हिड डाइस सोंब्र हा विलायतेस जाऊन १८४१ सालीं पार्लमेंटांत निवडून आला, दुसऱ्याच वर्षीं ती निवडणूक रद्द झाली, आणि १८५१ सालीं तो लंडनांत वारला. त्याच्या संपत्तीच्या तंट्यांचे कागद ढिगांनीं आहेत. मूळ पुरुषाच्या जन्माची निर्विवाद नोंद मात्र नाहीं. शिवाय सत्यासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, १७६३ सालीं पाटण्यास इंग्रज कैद्यांची जी कत्तल झाली, तींत या रायनहार्टाचा हात होता. पूर्वज शोधावयास निघालेल्यानें जें सांपडेल तें पाहण्याची तयारी ठेवावी लागते.

महाराष्ट्रांतहि असे शिपाई आले. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या कवायती फौजेंत अँथनी पोलमन नांवाचा हनोवरचा सेनानी होता. बेगम समरूच्या पलटणीहि त्याच फौजेबरोबर होत्या. असई हें गांव आज जालना जिल्ह्यांत आहे. आतां 'हनोवरचा' हा शब्द लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १८७१ पूर्वीं जर्मनी हें एक राज्य नव्हतें. त्यामुळें जुन्या कागदांत 'जर्मन' असा शब्द न सांपडतां हनोवर, प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी असे शब्द सांपडतात. हनोवरचा राजा तोच इंग्लंडचा राजा असल्यामुळें १७८२ सालीं हनोवरच्या दोन पलटणी मद्रासेकडे पाठविण्यांत आल्या होत्या. म्हणून ज्या घरांत "आमचा पूर्वज इंग्रजी फौजेंतला, पण इंग्रज नव्हे" अशी गोष्ट सांगतात, ती एकदम खोटी मानूं नये. तसेंच ती एकदम खरीहि मानूं नये. नोंद पाहावी.

ही नोंद जर्मनींत बहुधा देवळांत असते. १५६३ सालीं ट्रेंटच्या महासभेनें प्रत्येक धर्मगुरूनें विवाहांची वही ठेवावी व बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपिता व धर्ममाता यांचीं नांवें लिहावीं, असा नियम केला. १६१४ च्या रोमी विधिग्रंथानें बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मरण व धर्मग्रामांतील घरवार स्थिति अशा पांच वह्या सांगितल्या. सरकारी जन्म-मृत्यु नोंदणी त्या मानानें फार अलीकडची आहे: ऱ्हाइनच्या डाव्या तीरावर फ्रेंच अमलांत १७९८ च्या सुमारास, प्रशियांत ऑक्टोबर १८७४ पासून, आणि सगळ्या जर्मन साम्राज्यांत १ जानेवारी १८७६ पासून. त्यापूर्वींच्या माणसाचा पत्ता देवळाच्या वहीवांचून लागणें कठीण. तीस वर्षांच्या युद्धांत (१६१८–१६४८) कित्येक ठिकाणच्या वह्या जळाल्या. म्हणून पुष्कळ घराण्यांचा माग सतराव्या शतकाच्या मध्यावर येऊन थांबतो.

या वह्या वाचण्यास कांहीं गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. जर्मनींत सर्व धर्मग्रामांची मिळून एक यादी नाहीं. म्हणून देशाचें नांव पुरत नाहीं, गांवाचें नांव हातीं यावें लागतें. कॅथलिक वहींत मजकूर बहुधा लॅटिनांत असतो, आणि जर्मन मजकूर जुन्या मोडणीच्या हस्ताक्षरांत असतो. आपल्याकडे बाळबोध जाणणारास मोडी कागद पुढें आला म्हणजे जें होतें, तेंच आजच्या जर्मनाचें तें अक्षर पाहून होतें. एकच मनुष्य घरीं हाइनरिख, वहींत हेन्रिकुस आणि हिंदुस्थानांत हेन्री होतो. विल्हेल्म हा गुलिएल्मुस होऊन बसतो. वेस्टफालियांत तर आणखी एक चाल होती. जो पुरुष लग्न करून बायकोच्या वाडीवर राहावयास जाई, तो त्या वाडीचेंच आडनांव घेई. आपल्याकडे गांवावरून इंदापूरकर, बारामतीकर होतात, त्यास ही चाल समजण्यास अडचण पडूं नये. ओस्टफ्रीसलांडांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पुष्कळांना ठाम आडनांवच नव्हतें. बापाचें नांव हेंच मुलाचें उपनांव. आपलींहि कित्येक कुटुंबें आजोबांच्या काळापर्यंत अशींच चाललीं.

आतां आपल्या धर्मप्रांताकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई व पुणें येथील मिशन जर्मन प्रांताच्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या हातीं आलें. १८५८ पासून तें सर्वस्वीं त्यांच्याकडे होतें. ४ जुलै १८७२ रोजीं बिस्मार्कच्या राजवटींत जर्मनींत येशूसंघाविरुद्ध कायदा झाला व संघाचीं मठमंदिरें बंद पडलीं. तो कायदा १९१७ पर्यंत रद्द झाला नाहीं. ज्यांस आपल्या देशांत काम करण्यास मज्जाव झाला, त्यांतील कित्येक इकडे आले. १८७६–७८ च्या दुष्काळानें दक्षिणेंतील खेडीं होरपळून निघालीं. त्या काळानंतर अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, फादर ओटो वाइसहाउप्ट यांनीं खेड्यापाड्यांतून कार्य उभें केलें. १८८६ सालीं पुणें धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचे पहिले महागुरु बर्नार्ड बायडरलिंडन हे जर्मन. १९०७ सालीं त्यांच्यामागून आलेले हाइनरिख डोरिंग हेहि जर्मन.

महागुरु डोरिंग यांच्या चरित्रांत आमच्या विषयाचीं सगळीं सूत्रें एकत्र येतात. त्यांचा जन्म १८५९ सालीं वेस्टफालियांतील बोखोल्ट या गांवीं झाला. पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि जर्मन धर्मगुरु सरकारच्या दृष्टीनें शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. कित्येकांना अहमदनगरच्या बंदिछावणींत ठेवण्यांत आलें. १९१५ व १९१६ सालीं 'गोलकोंडा' जहाजानें जर्मन मिशनऱ्यांना मायदेशीं धाडण्यांत आलें. मुंबईचे जर्मन महाधर्माध्यक्ष युर्गेन्स १९१६ सालीं वारले. डोरिंग यांना आपल्या धर्मप्रांतांत राहतां आलें नाहीं. १९२१ सालीं त्यांची नेमणूक जपानांत हिरोशिमा येथें झाली. पुढें १९२७ सालीं ते पुन्हा पुण्यास आले, १९४८ पर्यंत त्यांनीं हा धर्मप्रांत सांभाळला आणि १९५१ सालीं देह ठेविला. आज कोणी त्यांच्या घराण्याचा माग काढूं म्हणेल तर त्यास म्युन्स्टर धर्मप्रांतांतील बोखोल्टच्या वह्यांकडे जावें लागेल. त्या धर्मप्रांताच्या जुन्या वह्यांचीं छायाचित्रें आतां संगणकावर घरबसल्या पाहतां येतात. पूर्वीं ज्या कामास आगबोटीचा प्रवास लागे, तें काम आज बारामतीच्या एकाद्या कॉलेजच्या विद्यार्थ्यास घरीं बसून आरंभितां येईल.

या धर्मगुरूंना मुलेंबाळें नव्हतीं. त्यांचें रक्त आपल्यांत वाहत नाहीं. तरी त्यांना पूर्वज म्हणण्यास एक साधें कारण आहे. ज्या माणसाचें नांव ना कुळकर्ण्याच्या दप्तरांत होतें, ना तीर्थोपाध्यायाच्या चोपडींत, त्याचें नांव, त्याच्या बापाचें नांव, आईचें नांव व गांव या परक्यांनीं शाईनें वहींत लिहिलें. कित्येक कुटुंबांच्या लिखित इतिहासाची पहिली ओळ तीच होय.

मात्र ही ओळ शोधतांना लिहिणाऱ्याचा कान जर्मन होता हें विसरूं नये. जर्मन माणूस आपल्या 'व' या उच्चारासाठीं रोमन लिपींतील 'डब्ल्यू' हें अक्षर वापरतो. म्हणून नगर जिल्ह्यांतील वळण हें गांव जुन्या कागदांत त्या अक्षराखालीं सांपडतें. जो 'व्ही'खालीं शोधील तो रिकाम्या हातानें परत येईल. दुसरें असें कीं, नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला, पुढें १९३० नंतरच्या दशकांत वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, आणि कामासाठीं दूरदूरचीं माणसें या दोन तालुक्यांत आलीं. तेव्हां ज्याच्या आजोबांचा बाप्तिस्मा येथील वहींत नाहीं, त्यानें निराश न होतां जुन्या मिशनच्या वह्या पाहाव्या. १९०८ पासून आणखी एक सोय झाली. विवाह झाला म्हणजे त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीच्या समासांतहि करावी, असा रोमचा नियम तेव्हांपासून लागू झाला. त्यामुळें एका ओळींत जन्म, धर्मपिता, विवाह आणि जोडीदाराचें नांव इतकें सांपडतें.

ज्यांचा पूर्वज खरोखर यूरोपांतून आला, त्यांनीं आधीं हिंदुस्थानांतल्या नोंदी संपवाव्या, मग समुद्र ओलांडावा. पुण्यांत पेशव्यांच्या चाकरींतील कॅथलिक शिपायांसाठीं १७९२ सालीं देऊळ झालें. त्याची जागा पेशव्यांनीं दिली होती. तें गोव्याच्या अधिकाराखालीं होतें, तर इंग्रजी फौजेचीं पुढचीं देवळें मुंबईच्या व्हिकारांखालीं. एकाच शहरांत दोन अधिकार असल्यामुळें वह्याहि दोन ठिकाणीं पाहाव्या लागतात. मुंबई इलाख्यांतील बाप्तिस्मे, विवाह व मरणें यांच्या ज्या नकला विलायतेस जात, त्या १७०९ पासून लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत जपलेल्या आहेत. हांबुर्ग बंदरांतून निघालेल्या उतारूंच्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या याद्याहि उपलब्ध आहेत. घरांतील वृद्धांस प्रथम विचारावें, प्रार्थनापुस्तकाच्या कोऱ्या पानावर कोणी कांहीं लिहिलें आहे काय तें पाहावें, थडग्यावरील अक्षरें उतरून घ्यावीं. आणि एका पिढीचा पुरावा मिळाल्याशिवाय पुढच्या पिढीकडे उडी मारूं नये.

येथवर शोध कसा करावा हें सांगितलें. आतां तो कशासाठीं करावा, हें सांगणें अधिक अगत्याचें आहे. कारण याच वह्यांचा एकदां भयंकर उपयोग झाला आहे. १९३३ च्या एप्रिलांत जर्मनींत नाझी सरकारनें कायदा केला कीं, सरकारी नोकरानें आपण आर्यवंशाचे आहों हें सिद्ध करावें. एक आजी किंवा एक आजोबा यहुदी निघाला तरी पुरे होई. लाखों लोक आजोबा-पणजोबांचे बाप्तिस्म्याचे दाखले मागण्यास देवळांच्या दारांशीं आले. १९३५ च्या न्युरेंबर्गच्या कायद्यांनीं तर आजी-आजोबा मोजून माणसाची जात ठरविली. ज्या वहींत "हा आतां आमचा" असें लिहिलेलें होतें, तींतूनच "हा आमचा नव्हे" असें काढण्यांत आलें. ब्रेस्लाव येथें यहुदी घरांत जन्मलेल्या एडिट स्टाइन यांनीं १ जानेवारी १९२२ रोजीं बाप्तिस्मा घेतला होता, पुढें त्या कार्मेल मठांत गेल्या होत्या. तरी त्यांचे आजी-आजोबा मोजण्यांत आले, आणि ऑगस्ट १९४२ मध्यें आउशविट्झ येथें त्यांचा अंत झाला. १९९८ सालीं त्यांना संतपद मिळालें.

या संकटांतून पळून कांहीं यहुदी कुटुंबें हिंदुस्थानांत आलीं. दुसरें महायुद्ध सुरू होतांच सरकारच्या कागदावर तींहि 'जर्मन', म्हणजे शत्रु, ठरलीं. आणि त्यांतील कांहींना बायकामुलांसह आपल्या शेजारच्या पुरंदर किल्ल्यावर नजरकैदेंत राहावें लागलें. मायदेशानें ज्यांना जर्मन मानण्यास नकार दिला, त्यांना येथें जर्मन म्हणून कोंडण्यांत आलें. सासवडकडे जातां-येतां तो किल्ला दृष्टीस पडतो, तेव्हां शिवशाहीच्या इतिहासाबरोबर त्या मुलांचीहि आठवण व्हावी, असें आम्हांस वाटतें.

वंश विचारून माणसाची पायरी ठरविणें हा प्रकार आपल्या देशास नवा नाहीं. पाणवठा, पंगत, वेस या सर्वांवर तोच प्रश्न उभा असे, आणि आपल्यांतील कित्येकांच्या पूर्वजांनीं त्याचें उत्तर मान खालीं घालून दिलें. म्हणून आमच्या घराण्यांत गोरा पुरुष होता असें दाखवून शेजाऱ्यापेक्षां वर बसावें, अशा हेतूनें जो वही उघडूं पाहील, त्यास आम्ही सांगूं कीं, त्या वहींत वरची व खालची अशा दोन पंक्ति नाहींत. आहे तो केवळ तारखांचा क्रम. संत मत्तयानें प्रभूची वंशावळ देतांना राहाब व रूथ या परकीय स्त्रियांचीं नांवें वगळलीं नाहींत. उरीयाच्या बायकोचा उल्लेखहि टाळला नाहीं. कृतज्ञता आणि सत्य या दोन हेतूंनीं ज्यास शोध करावयाचा असेल, त्याच्यासाठीं कचेरीचें दार उघडें आहे.

शेवटीं एक विनंति. जर्मनींत तीस वर्षांच्या युद्धानें वह्या जाळल्या. आपल्याकडे तें काम वाळवी, ओल आणि उदासीनता हीं युद्धावांचून करतात. शाई फिकी पडते, कडा झिजतात, आणि समासांतील ओळ आधीं जाते. या महोत्सवाच्या वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक जुन्या वहीच्या पानापानाचें छायाचित्र घ्यावें व त्याची एक प्रत धर्मप्रांताच्या दप्तरांत ठेवावी, असें आम्हीं योजिलें आहे. त्यास स्वच्छ हस्ताक्षराचे व तीक्ष्ण दृष्टीचे चार तरुण पाहिजेत. आणि प्रत्येक कुटुंबानें आपल्या घरांतील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून तीन पिढ्यांचीं नांवें, गांवें व आठवतील त्या तारखा एका कागदावर लिहून आणाव्या. आडनांव बदललें असेल तर जुनें व नवें दोन्हीं लिहावें. बाप्तिस्म्यापूर्वींचें नांव लाजेनें गाळूं नये. सुनांचीं माहेरचीं नांवें अवश्य लिहावीं, कारण तींच सर्वांत आधीं विसरलीं जातात. हे कागद मिस्सानंतर कचेरींत आणून द्यावे. ते वह्यांबरोबर जपून ठेवले जातील.